कान्हेरीत लागलेली झोप

बोरिवलीतल्या आमच्या घरापासून नॅशनल पार्कचं गेट इतकं जवळ आहे की रिक्षावाले यायला तयार होत नाहीत. आणि जवळच्या गोष्टींचं नेहमी होतं तेच त्याचं झालंय, आम्ही तिथे कधी जात नाही. गावाकडून पाहुणे आले की त्यांना वाघ दाखवायला न्यायचं, वाघ झोपलेला असतो, पाहुणे हिरमुसतात, गेटबाहेर उसाचा रस पिऊन परत यायचं. रोज सकाळी तिथे फिरायला जाणारी माणसं वेगळी. त्यांच्या पायात चांगले बूट असतात आणि रात्री त्यांना झोप लागलेली असते. मला बुटांचा हेवा वाटत नाही.

बुद्धपौर्णिमेला मात्र जायचंच, हा माझ्या सासूबाईंचा नियम. लग्न होऊन या घरात आले त्या वर्षापासून पाहतेय. पांढरी साडी, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी, गेटवरून पार्कच्या बसने वर कान्हेरीच्या गुंफांपर्यंत, मग मोठ्या चैत्यात बसून त्रिसरण-पंचशील. त्यानंतर एखाद्या गुंफेच्या ओसरीत जेवण, आणि उन्हं उतरली की खाली. सासूबाई वाशीमकडच्या. शाळेत शिपाई म्हणून आयुष्य काढलं, मुंबईत म्हाताऱ्या झाल्या, पण बोलणं तिकडचंच राहिलं. आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना त्यांची भाषा ऐकायला मजा वाटायची. मलाही वाटायची, जेव्हा मला मजा वाटत असे तेव्हा.

गेली काही वर्षं त्या विसरतात. आधी चष्मा, मग गॅस, मग नातवाचं लग्न झालंय की नाही ते. आता त्या सगळंच विसरतात, फक्त पाणी विसरत नाहीत. रात्री सगळे आडवे झाले की त्या उठतात आणि पाणी भरायला लागतात. बादल्या, हंडे, पातेली, कुकर, माझ्या ऑफिसच्या बाटल्या, एकदा तर देव्हाऱ्यासारखं आम्ही जपतो त्या शोकेसमधला कप, कुठल्याशा स्पर्धेत लेकाला मिळालेला. "पाणी जाईन ना," म्हणतात, "भरून ठेवा लागते." लहानपणी विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी भरलेली बाई ती, तिला आमच्या चोवीस तास वाहणाऱ्या नळाचं काय कौतुक? मी उठायचं, नळ बंद करायचा, त्यांना निजवायचं, फरशी पुसायची. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा नळाचा आवाज. नळाची मुख्य चावी बंद करून पाहिली तर त्या दार उघडून खालच्या टाकीकडे निघाल्या. त्यापेक्षा नळ परवडला.

शरीर मात्र ठणठणीत. गुडघे माझ्यापेक्षा चांगले, रक्तदाब आदर्श. डॉक्टर म्हणाले, "आजी शंभरी गाठतील." मी हसले. हसण्याशिवाय काय करणार?

माझे यजमान एअरपोर्टवर मालाच्या विभागात शिफ्ट करतात. त्यांना घरी असतील तेव्हा गाढ झोप लागते, हा त्यांचा मोठा गुण. त्यांनीच चौकशी करून बदलापूरच्या पुढे एक वृद्धाश्रम शोधून काढला. अशा विसरणाऱ्या माणसांची वेगळी सोय, रात्री जागी असणारी बाई, भोवती झाडं. मी स्वतः जाऊन पाहून आले. चादरी स्वच्छ होत्या. एक जागा रिकामी झाली होती आणि सोमवारपर्यंत कळवा म्हणाले होते. मी यजमानांना विचारलं, काय करायचं? ते म्हणाले, "तू म्हणशील तसं."

या वाक्यासारखं चलाख वाक्य मराठीत दुसरं नसेल. हो म्हटलं तर सासूला घराबाहेर काढणारी मी, नाही म्हटलं तर मग रात्रीचं कुरकुरायचं नाही. नणंदेला फोन केला. ती म्हणाली, "वहिनी, तुम्हीच तर करताय सगळं, तुम्ही ठरवाल ते योग्यच." म्हणजे भावाबहिणीने मिळून विषय सूनबाईच्या पदरात टाकला आणि दोघं मोकळी. मला दोघांचाही राग आला, पण भांडायलाही अंगात ताकद लागते.

त्या सोमवारच्या आधीच बुद्धपौर्णिमा आली. यजमानांची ड्यूटी होती. मी ठरवलं, आपण दोघीच जायचं. पुढच्या वर्षी कोण कुठे असेल सांगता येत नाही. सकाळी उठून पुऱ्या केल्या, त्यांना पांढरी साडी नेसवली, मीही नेसले, उन्हाळ्यातही त्या सोडत नाहीत ती शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. त्यांनी आरशात पाहिलं आणि विचारलं, "कोणाच्या लग्नाले जाऊन रायलो?"

गेटवर ही गर्दी. उपनगरातल्या प्रत्येक विहारातून माणसं आलेली, भांडुपचे, घाटकोपरचे, चेंबूरचे, सगळे पांढऱ्यात. पार्कच्या बससाठी रांग. आत शिरल्यावर मात्र हवा बदलते, हे मला दरवर्षी नव्याने कळतं. हायवेचा आवाज मागे राहतो, साग उन्हात खडखडीत वाळलेला असतो, मधेच एखादा गुलमोहर. बसच्या खिडकीशी सासूबाई शहाण्या मुलीसारख्या बसल्या होत्या. माझी मान दोनदा समोरच्या दांड्यावर आपटली. तिसऱ्यांदा शेजारच्या बाई म्हणाल्या, "ताई, डोकं माझ्या खांद्यावर टेका की." अनोळखी बाई. मला रडूच आलं, इतकी मी त्या दिवसांत वाईट अवस्थेत होते.

वर बस थांबते तिथे आदिवासी बायका करवंदं, जांभळं आणि मीठ लावलेल्या कैऱ्या घेऊन बसतात. माकडं त्यांच्याहून जवळ बसतात. एका पिशवीचा बळी देऊन आम्ही पायऱ्या चढलो. सासूबाई सरसर पुढे, मी धापा टाकत मागे. चैत्यात बरेच लोक बसले होते. खांबांच्या मधून गार वारा येत होता. सासूबाई स्तूपासमोर बसल्या, हात जोडले आणि वंदना सुरू केली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकही चूक नाही, आवाज खणखणीत. सकाळी स्वतःच्या लेकाचं नाव आठवत नव्हतं त्यांना. आजूबाजूच्या बायका त्यांच्या मागून म्हणायला लागल्या. मी पाहत राहिले. मला अभिमान वाटला आणि चीडही आली, की हे सगळं शाबूत आहे तर रात्रीचीच तेवढी वाट का लागते?

चैत्यातून निघून आम्ही वरच्या अंगाला गेलो. तिथे गर्दी विरळ होते. डोंगरात ओळीने कोरलेल्या खोल्या, प्रत्येकीला ओसरी, आत भिक्खूंना निजायला दगडाचा ओटा, आणि बाहेर बाजूला पाण्याचं टाकं. सासूबाई पहिल्या टाक्यापाशी थांबल्या. लोखंडी जाळीतून वाकून आत पाहिलं. मे महिना असूनही खाली हिरवट पाणी होतं. मग दुसरं टाकं पाहिलं, तिसरं पाहिलं. तिसऱ्याशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"भरून ठेवलं हाये सगळं," त्या म्हणाल्या. "कोणं भरलं?"

"भंतेजींनी," मी म्हटलं.

"चांगलं केलं."

आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. खरंच उतरलेलं दिसलं मला. आम्ही ओसरीत बसून जेवलो. त्यांनी पुऱ्या खाल्ल्या, भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या, ते बरोबरच होतं. मग पाय पसरून भिंतीला टेकल्या आणि खालचं जंगल पाहत बसल्या. मी म्हटलं, जरा पाठ टेकू. मागे दगडी ओटा होता, गार. पर्स उशाला घेतली. सासूबाईंच्या पदराचं टोक मी मनगटाला गुंडाळलं होतं, घरीही गुंडाळते.

त्यानंतरचं मला काही आठवत नाही. स्वप्न पडलं नाही, कूस बदलली नाही. कितीतरी महिन्यांत मी अशी झोपले नव्हते. जाग आली ती आपली आपण, कुणी हाक न मारता, आणि तेच इतकं अनोळखी होतं की क्षणभर मी नुसती पडून राहिले. ऊन ओसरीतून निघून गेलं होतं. मनगट मोकळं होतं. पदर सोडवून घेताना मला धक्का लागला नव्हता. माझ्या अंगावर त्यांची शाल होती.

ओसरीत सासूबाई नव्हत्या.

मी आधी शेजारच्या खोल्या पाहिल्या. मग टाकी पाहिली. एकेका जाळीवर ओणवी होऊन आतल्या अंधारात पाहिलं. मग ओरडले, "आई!" खालच्या वाटेवरच्या पाच-सहा बायकांनी एकदम मान वर केली. सगळ्याच कुणाच्या ना कुणाच्या आई. वर डोंगरमाथा, खाली ओढ्याची घळ, पलीकडे जंगल. त्या जंगलात काय काय आहे ते प्रत्येक वळणावर बोर्ड लावून लिहिलंय. मी पायऱ्यांवरून धावत सुटले. माझी चप्पल तुटली ती कुठे ते नंतरही कळलं नाही.

तिकिटाच्या खिडकीपाशी वॉचमन होता. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, घाबरू नका. पेहराव सांगा."

"पांढरी साडी. वय झालेलं. चष्मा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बसच्या रांगेकडे हात केला. रांगेत पांढऱ्या साडीतल्या, चष्मा लावलेल्या, वय झालेल्या बायकाच बायका. "अजून काही खूण?"

काय खूण सांगणार होते? रात्री पाणी भरतात? मी म्हटलं, "विसरतात." त्याने फोन लावला, गेटवरच्या माणसाशी बोलला, दोन पोरांना वरच्या वाटेवर पिटाळलं, आणि मला त्याच्या खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं.

त्या खुर्चीवर बसले असताना माझ्या मनात एक विचार आला. नाही सापडल्या, तर सोमवारी कुणाला काही कळवायला नको. विचार आला आणि मी पाण्याचा ग्लास खाली ठेवून दिला. मी वाईट बाई नाही. पण थकलेल्या माणसाच्या डोक्यात कोण कधी येऊन बसेल याचा भरवसा नसतो.

वॉचमनचा फोन वाजला. गेटवरून निरोप होता. वरून आलेल्या बसमधून एक मोठा ग्रुप उतरून बाहेर गेला, त्यात एक आजी मोठमोठ्याने वंदना म्हणत होत्या. मी उठले आणि नुकत्याच आलेल्या पार्कच्या बसमध्ये चढले. अनवाणी. मी उभ्याने खाली येईपर्यंत ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे पाहत होता आणि त्याने मधे कुठे गाडी रेंगाळू दिली नाही.

गेटबाहेर, हायवेच्या कडेला, भाड्याची एक बस इंजिन सुरू करून उभी होती. चेंबूरच्या कुठल्याशा विहाराचा कापडी फलक पुढे बांधलेला. दारात एक बाई शिट्टी गळ्यात घालून उभ्या होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका असाव्यात असा आवाज. "चला, निघायचं! कुणी राहिलं नाही ना?"

"एक आजी आहेत का तुमच्यात?" मी विचारलं.

"एक? अहो, अठरा आहेत," त्या म्हणाल्या. मग थबकल्या. "थांबा हं. वरून निघाल्यापासून माझ्या मोजणीत एक जास्त भरतेय. मला वाटलं सकाळी मीच चुकले. एक कमी भरलं असतं तर घाबरले असते ना, जास्त भरलं तर कशाला घाबरायचं?"

मी खालच्या पायरीवरून आत पाहिलं. मधल्या रांगेत, खिडकीशी, सासूबाई. मांडीवर करवंदांचा द्रोण. शेजारी दोघी, मागच्या सीटवरून एक वाकलेली, सगळ्या त्यांचं ऐकत होत्या. नंतर कळलं ते असं. त्या एकट्या खाली उतरल्या, चैत्यात या ग्रुपची वंदना चालली होती तिथे जाऊन बसल्या आणि त्यांच्यात म्हणायला लागल्या. बायकांनी जयभीम घातला, यांनी घातला. कुणी जेवलात का विचारलं, यांनी नाही म्हटलं, त्यांनी वाढलं. या बाईला वाटलं त्या बाईची आजी, त्या बाईला वाटलं तिसरीची. पांढऱ्या साडीतल्या म्हातारीला 'तुम्ही कोणाच्या?' असं विचारणं आमच्यात उद्धटपणाच. उठताना एकीने हात धरला, दुसरीने करवंदांचा द्रोण हातात दिला, झालं. माणूस आपलं धरलं की संपलं, चौकशी करायची राहून जाते.

"आजी," मागच्या सीटवरची बाई विचारत होती, "सून नाही का आली तुमची?"

"आली ना," सासूबाई म्हणाल्या. "वर झोपली हाये. मीनं पदर सोडवला हळूच. तिले उठवू नका बाप्पा. रातभर झोप नसते तिले."

"का हो, रात्री काय करते?"

सासूबाईंनी बराच विचार केला. करवंद तोंडात टाकलं, बी काढली. "कोण जाणे," म्हणाल्या. "घरात कोणतरी हाये, रातभर पाणी सोडून ठेवते. ती बिचारी उठते, बंद करते. मी पायतो ना. पण काय करू?"

मी पायरीवरच उभी होते. शिट्टीवाल्या बाईंनी माझा दंड धरला. मग त्यांनीच आत हाक दिली, "आजी, या तुमच्या कोण आहेत बघा."

मी पुढे गेले. सासूबाईंनी चष्म्यातून माझ्याकडे नीट पाहिलं. वेळ घेऊन पाहिलं. मी म्हटलं, "आई, मी आहे. चला घरी."

"नाही," त्या बायकांना म्हणाल्या. "चेहरा तसाच हाये. पण माही सून अशी नसते दिसत. ती लय थकेल असते."

बसमधल्या बायका हसल्या, कुणीतरी म्हणालं, "आजी, ही झोप काढून आलीय ना." मीही हसले असेन. मग मला तिथेच, अनोळखी बायकांच्या बसमध्ये, असा हुंदका आला की हसणाऱ्या गप्प झाल्या. एकीने पाण्याची बाटली पुढे केली. एकीने स्वतःच्या पिशवीतून चपला काढून माझ्या पायाशी ठेवल्या. सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, परक्या पोरीच्या डोक्यावरून फिरवतात तसा, आणि म्हणाल्या, "कोणं मारलं का बाई तुले?"

त्या खाली उतरायला तयार नव्हत्या. अनोळखी बाईबरोबर कशाला जायचं, हे त्यांचं बरोबरच होतं. शेवटी मी म्हटलं, "तुमच्या सुनेनेच पाठवलंय मला." तेव्हा उतरल्या.

रिक्षात त्या झोपल्या. माझ्या खांद्यावर डोकं, हातात रिकामा द्रोण. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी यजमानांना फोन लावला. तिकडे विमानाचा आवाज होता. मी म्हटलं, "आश्रमाला हो सांगा."

"नक्की?" ते म्हणाले. "तू म्हणशील तसं, पण..."

"मी म्हणत नाही," मी म्हटलं, "आई म्हणतायत." त्यांना ते कळलं नसणार आणि मला समजावून सांगायचं नव्हतं.

पाऊस लागायच्या आत आम्ही त्यांना तिथे पोचवलं. आता मी दर रविवारी जाते. त्यांचं वजन जरा वाढलंय. रात्रीची बाई दयाळू आहे, ती त्यांना दोन बादल्या देते आणि भरू देते. मी जाते ती पुरेशी झोप घेऊन, तोंड धुऊन, चांगली साडी नेसून जाते, आणि म्हणूनच त्या मला ओळखत नाहीत. मी कोण ते त्या विचारत नाहीत, कुणीतरी भेटायला येणारी बाई म्हणून त्यांनी मला धरून टाकलंय. निघताना मात्र विचारतात, माझी सून कशी आहे.

"बरी आहे," मी सांगते. "आता रात्रभर झोपते."

"बरं झालं," त्या म्हणतात. "लय सोसलं तिनं."